फॉरमॅट मारणाऱ्यांनो, जरा थांबा

दोन शनिवार काहीच लिहिलं नाही. एकदा रिलीज होतं, एकदा निव्वळ आळस. आज मात्र लिहितोय, कारण आठवडाभर डोकं तापलंय आणि ऑफिसातल्या लोकांनी माझं ऐकून घेणं बंद केलंय. तेव्हा आता तुमची पाळी :)

मुद्दा आधीच सांगतो, म्हणजे घाईतल्या मंडळींना इथूनच भांडता येईल. "फॉरमॅट मार" हा सल्ला बहुतेक वेळा सल्ला नसतो. समोर काय झालंय ते आपल्याला कळत नाहीये, ही कबुली असते. ती कबुली आपण दुसऱ्याच्या डेटाचा बळी देऊन देतो. आणि यात गल्लीतला दुकानवाला पोऱ्या जेवढा दोषी, त्याहून जास्त आपण डिग्रीवाले.

त्याचं झालं असं. मालवणात माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. गुरुवारी रात्री त्याचा फोन आला. "झिला, फोटो गेले रे. सगळे." मामा एरवी फोनवर पाच मिनिटं मासळीचा भाव सांगतो. त्या दिवशी एवढंच बोलून गप्प बसला.

स्टुडिओतल्या जुन्या मशिनवर लिनक्स होतं. २००८ साली मामाच्या ओळखीच्या एका हायस्कूलच्या सरांनी घालून दिलेलं. कारण साधं होतं. गिऱ्हाइकं पेन ड्राइव्ह घेऊन यायची आणि फोटोंबरोबर व्हायरसही द्यायची. सर म्हणाले, फोटो ठेवायला तरी एक मशिन वेगळं ठेवा. त्या ३२० जीबीच्या डिस्कवर मग लग्नं, मुंजी, आंगणेवाडीची जत्रा, दशावताराचे रात्र रात्र चाललेले खेळ, असं सगळं साठत गेलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, त्याच्या आधीचा तारकर्ली-देवबागचा किनारा त्यात आहे. नवीन मशिन आलं, कॅमेरे बदलले, ती डिस्क मात्र कोपऱ्यात चालू राहिली.

गेल्या महिन्यात दशावतारात राजाची कामं करणारे एक गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा मामाकडे आला. घरात वडिलांचा फोटो होता तो आधार कार्डवरचा. त्याला भिंतीवर लावायला वडील हवे होते ते मुकुट घातलेले, रंग लावलेले. मामाला खात्री होती की फोटो जुन्या डिस्कवर आहे. नेमका तेव्हाच त्या मशिनचा पॉवर सप्लाय जळला. मामानं डिस्क काढली आणि एका दुकानात नेली.

दुकानातल्या मुलानं ती विंडोजच्या मशिनला जोडली. लिनक्सची पार्टिशनं विंडोजला वाचता येत नाहीत, त्यामुळे ड्राइव्ह दिसेना. मुलानं डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे नाव नसलेले तीन चौकोन दिसले. त्यानं तिन्ही डिलीट केले आणि सांगितलं, डिस्क करप्ट आहे, फॉरमॅट मारली की नव्यासारखी चालेल. मामा शेजारीच उभा होता. "मिया मारूक दिलंय नाय," हे त्यानं मला फोनवर तीनदा सांगितलं.

त्या मुलाला शिव्या देणं सोपं आहे. शुक्रवारच्या रात्रीच्या बसमध्ये मी त्या देतही होतो. पण फोंडाघाट उतरताना झोप उडाली आणि मला माझं होस्टेल आठवलं. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मी निदान पंधरा-वीस मशिनं फॉरमॅट मारली असतील. फी एक वडापाव आणि कटिंग. विंगमध्ये माझा त्यावरून रुबाब होता. त्यातल्या एका मित्राच्या लॅपटॉपवर त्याच्या आजीच्या आवाजातल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग होतं, हे मला नंतर कळलं. आजी तोवर गेली होती. तो मला काही बोलला नाही. मीही विषय काढला नाही. त्या लॅपटॉपला नक्की काय झालं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आता कधी कळणारही नाही.

तर आता जरा मुद्द्याचं.

डिस्कवरचा डेटा वेगळा आणि डिस्कचा नकाशा वेगळा. कोकणातल्या माणसाला हे समजावायला दोन मिनिटं पुरतात. जमीन वेगळी, सातबारा वेगळा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून जो उतारा होतो, तो सांगतो की अमुक सर्व्हे नंबर, अमुक हिस्सा, एवढं क्षेत्र, आणि ही नावं. उद्या दप्तराला वाळवी लागली तर कागद जाईल. माड जिथे आहेत तिथेच राहतील. आता समजा कुणी म्हणालं, "कागद सापडत नाही ना, मग माड तोडू, जमीन सपाट करू आणि नव्यानं मोजणी करू." मामा कोयता घेऊन मागे लागेल. "फॉरमॅट मार" हे वाक्य यापेक्षा वेगळं नाही.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर हा सातबारा केवढा असतो? पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट बूट करायचा कोड, मग प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी, आणि शेवटी दोन बाइटची खूण. म्हणजे चार पार्टिशनांचा सगळा हिशोब ६४ बाइटमध्ये. या परिच्छेदातली बहुतेक वाक्यंसुद्धा त्यात मावणार नाहीत. दुकानातल्या मुलानं त्या ६४ बाइटमधल्या तीन नोंदी पुसल्या होत्या. मामाचे फोटो होते तिथेच होते.

पण "होते तिथे" म्हणजे कुठे? इथे येते जिऑमेट्री. आणि जिऑमेट्री ही आपल्या धंद्यातली सगळ्यात जुनी, सगळ्यांनी मिळून मान्य केलेली थाप आहे.

सुरुवातीला ती थाप नव्हती. डिस्कमध्ये चकत्या असतात, प्रत्येक बाजूला वाचणारं एक हेड, प्रत्येक बाजूवर वर्तुळाकार ट्रॅक, एकाखाली एक येणाऱ्या ट्रॅकांचं मिळून सिलिंडर, आणि ट्रॅकचे तुकडे म्हणजे सेक्टर. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधली फास्ट फाइल सिस्टिम या आकड्यांवर खरोखर विसंबून होती. एका फाइलचे ब्लॉक जवळच्या सिलिंडरांत ठेवायचे, चकती फिरून येईपर्यंत किती वेळ जाईल तेही धरायचं, असा तिचा हिशोब होता. त्या काळात पार्टिशनांचे आकडे चक्क ड्रायव्हरच्या कोडमध्ये लिहिलेले असायचे. डिस्क बदलली की कर्नल पुन्हा कंपाइल करा! १९८८ च्या ४.३ बीएसडी-टाहोमध्ये डिस्कलेबल आलं. कल्पना साधी आणि शहाणी होती. डिस्कनं आपली माहिती स्वतःच्या अंगावर बाळगावी. किती सेक्टर, किती ट्रॅक, किती सिलिंडर, मिनिटाला किती फेरे, आणि कुठलं पार्टिशन कुठे सुरू होतं. "ए" म्हणजे रूट, "बी" म्हणजे स्वॅप, "सी" म्हणजे साधारणपणे अख्खी डिस्क. आजही बीएसडीवाले ही अक्षरं वापरतात.

मग डिस्क बनवणारे हुशार झाले. बाहेरचं वर्तुळ मोठं, आतलं लहान, मग दोन्हीत सारखेच सेक्टर कशाला? बाहेर जास्त भरा. त्या क्षणी "एका ट्रॅकवर किती सेक्टर" या प्रश्नाला एकच उत्तर उरलं नाही. पण पीसीच्या बायोसला उत्तर हवंच होतं. त्याच्या फॉर्ममध्ये सिलिंडरसाठी १० बिट, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ असे रकाने छापलेले होते. मग डिस्क बिनधास्त खोटं सांगू लागली. माझी हेड २५५, ट्रॅकवर सेक्टर ६३. आत चकत्या एक किंवा दोन! आमच्या दशावतारात रावण दहा तोंडं घेऊन येतो तर पोरं टाळ्या वाजवतात. इथे २५५ डोक्यांचा राक्षस प्रत्येक ऑफिसात बसला होता आणि कुणाला हसू आलं नाही.

या खोट्या आकड्यांनीही माणसांना भरपूर छळलं. १०२४ सिलिंडर गुणिले २५५ गुणिले ६३ गुणिले ५१२, म्हणजे साधारण ८.४ जीबी. त्यापलीकडचं जुन्या बायोसला दिसायचंच नाही. म्हणून बूटचं पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीला ठेवायची प्रथा पडली. पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, कारण पहिला "ट्रॅक" नकाशासाठी सोडलेला. पुढे २०१० च्या सुमारास आतून ४०९६ बाइटचे सेक्टर असलेल्या डिस्क आल्या. ६३ ला आठानं भाग जात नाही, त्यामुळे फाइल सिस्टिमचा प्रत्येक ब्लॉक दोन खऱ्या सेक्टरांवर पाय टाकून उभा. लिहिण्याचा वेग घसरला. मग सगळ्यांनी २०४८ पासून, म्हणजे बरोबर एक मेगाबाइट सोडून, सुरुवात करायचं ठरवलं. आजचा एफडिस्क तुम्हाला तोच आकडा पुढे करतो.

आता परत मालवण. शनिवारी सकाळी घावणे खाऊन मी डिस्क समोर घेऊन बसलो. पहिलं काम केलं ते अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. मूळ डिस्कवर एकही बाइट लिहायचा नाही, हा नियम. तीनएक तास त्यात गेले. तेवढ्या वेळात मामा जुन्या मशिनची कॅबिनेट उचलून घेऊन आला. "तो कागद बघ मरे, सरांनी चिकटयलेलो."

कॅबिनेटच्या पत्र्याला आतून कालनिर्णयचं एक पान चिकटवलेलं होतं, कोऱ्या बाजूनं वर. त्यावर बॉलपेननं, शाळेच्या फळ्यावर असतं तसं टपोरं अक्षर:

हेड २५५, सेक्टर ६३, सिलिंडर ३८९१३.
१ – सिलिंडर १ ते २५५० – सिस्टिम.
२ – २५५१ ते २८०५ – स्वॅप.
३ – २८०६ ते ३८९१३ – फोटो.

खाली तारीख आणि सही. मी थोडा वेळ नुसता बघत बसलो.

यातलं एकही सिलिंडर त्या डिस्कमध्ये नाही. २५५ हेडही नाहीत. पण थाप सुसंगत असेल आणि लिहून ठेवलेली असेल, तर तिच्यावरून खरं शोधता येतं. २५५ गुणिले ६३ म्हणजे १६०६५. एका "सिलिंडर"मध्ये एवढे सेक्टर. तिसरं पार्टिशन सुरू होण्याआधी २८०५ सिलिंडर संपलेली. म्हणजे ते ४,५०,६२,३२५ व्या सेक्टरवर सुरू होणार. आमच्याकडे जमिनीचं हेच आहे. तेहतीस फुटांची साखळी घेऊन आता कुणी मोजत नाही, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात, पण व्यवहार बोलताना गुंठाच. तेहतीस गुणिले तेहतीस, १०८९ चौरस फूट. साखळी गेली, गुंठा राहिला. सिलिंडरचं तसंच.

लिहिण्याआधी तपासलं. त्या सेक्टरपासून १०२४ बाइट पुढे एक्स्ट-३ फाइल सिस्टिमचा सुपरब्लॉक असायला हवा आणि त्यात ठरलेल्या जागी "५३ ईएफ" ही खूण. प्रतीमध्ये बघितलं. होती. मग एसएफडिस्कला तिन्ही ओळी हातानं दिल्या, पहिलं पार्टिशन ६३ पासून. इथे नवा एफडिस्क उघडून नुसतं एंटर दाबत गेलो असतो, तर पहिलं पार्टिशन २०४८ वर बसलं असतं आणि तेवढं तरी नक्कीच उघडलं नसतं. तिसरं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं माउंट केलं. फोल्डरांची यादी सरसर खाली गेली. मामानं खुर्ची ओढली आणि काही न बोलता दशावताराचं फोल्डर शोधायला लागला.

कागद नसता तर? तर टेस्टडिस्क होतं. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसानं लिहिलेलं, फुकट, आणि ते नेमकं हेच करतं. डिस्क चाळून फाइल सिस्टिमच्या खुणा शोधतं आणि पार्टिशनांचा नकाशा पुन्हा मांडतं. म्हणजे कागदाशिवायही आशा होती. फॉरमॅटनंतर मात्र ती झपाट्यानं कमी झाली असती. विंडोज व्हिस्टापासून "क्विक"ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला तर अख्ख्या पार्टिशनवर शून्यं लिहिली जातात. त्यानंतर टेस्टडिस्कच काय, ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण लंचला सगळे ऐकलेत.

"आता एसएसडी आहेत, चकत्या गेल्या, हे कशाला शिकायचं?" चकत्या गेल्या म्हणूनच. एसएसडीवर क्विक फॉरमॅट केला की सिस्टिम सहसा सगळ्या जागेला ट्रिम पाठवते, म्हणजे "ही जागा आता नको" असं कळवते, आणि आतला कंट्रोलर ती साफ करायला मोकळा होतो. लिनक्समध्ये एक्स्ट-४ बनवतानाही मुळात हेच होतं. पूर्वी क्विक फॉरमॅटनंतर पुष्कळ काही परत मिळायचं. आता तेही नाही. जिऑमेट्री मेली, पण "फॉरमॅट मार" आणखी जहरी झालं.

"आम्ही क्लाउडवर असतो." बरं. क्लाउडवरच्या मशिनला चार डिस्क लावा आणि रीबूट करा. एनव्हीएमईची नावं सापडण्याच्या क्रमानं लागतात आणि तो क्रम बदलू शकतो. मी काम केलेल्या एका ठिकाणी एफएस-टॅबमध्ये "एसडीबी" असं ठोकून लिहिलेलं होतं. नवी डिस्क लागली, रीबूट झालं, एसडीबी म्हणजे भलतीच डिस्क निघाली, आणि बॅकअपच्या स्क्रिप्टनं त्यावर इमानदारीनं लिहायला सुरुवात केली. रात्री दोन वाजता आम्ही सहा जण कॉलवर, आणि सहाही जण इंजिनियर.

सिंधुदुर्ग किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारं पाणी, त्यामुळे या विहिरींवर किल्ल्याचा जीव. त्यांना कुणी "विहीर क्रमांक एक, दोन, तीन" म्हटलं नाही, हे बरं केलं. कारण दुसऱ्या बाजूनं आत शिरलात तर पहिली कुठली? साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या किल्ल्यात हे शहाणपण दिसतं, आणि आपण अजून "एसडीए, एसडीबी" करतोय! एक्स्ट फाइल सिस्टिमला सोळा बाइटचं लेबल देता येतं. देवनागरीतलं "फोटो" बारा बाइटमध्ये बसतं. मामाच्या नव्या डिस्कचं नाव आता तेच आहे.

"बॅकअप ठेवायला हवा होता." हो, हवा होता. पण बुडणाऱ्याला पोहण्याचं महत्त्व सांगण्यात शौर्य नाही. शिवाय पार्टिशन टेबल हा जगातला सगळ्यात लहान बॅकअप आहे आणि तोसुद्धा आपण घेत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत नकाशाची एक प्रत डिस्कच्या शेवटी आपोआप राहते, चेकसमसकट. छान आहे. पण कुणी हातानं पार्टिशन डिलीट केलं, तर टूल दोन्ही प्रती बदलतं. तिसरी प्रत तुमच्याकडेच हवी.

म्हणून माझी मागणी अगदी थोडी आहे:

१. दुसऱ्याच्या डिस्कला हात लावण्याआधी तिची प्रत घ्या. प्रत घ्यायला जागा नसेल तर हात लावू नका.

२. एसएफडिस्कचा डंप काढा. मोजक्याच ओळी असतात. त्या मेलवर टाका, आणि छापून कॅबिनेटमध्ये चिकटवा. हसू नका, चिकटवा.

३. डिस्कला नाव द्या. एफएस-टॅबमध्ये ते नाव किंवा यूयूआयडी लिहा. सापडण्याचा क्रम लिहू नका.

४. आणि "फॉरमॅट मार" म्हणण्याआधी एवढं तरी विचारा: "यात काय आहे?" हा प्रश्न मी होस्टेलमध्ये एकदाही विचारला नाही.

रविवारी दुपारी सरांकडे गेलो. आता रिटायर झालेत, ओसरीवर पेपर वाचत होते. मी जाऊन पाया पडलो आणि कागद दाखवला. म्हटलं, सर, तुम्हाला तेव्हाच हे सगळं माहीत होतं? ते हसले. "नाही रे. ते सिलिंडर काय असतात ते मला कधी नीट कळलं नाही. स्क्रीनवर जे दिसलं ते उतरवून ठेवलं. पुढे कुणीतरी उघडेल, त्याला लागेल म्हणून."

त्यांच्याकडे कॉम्प्युटरची डिग्री नाही. माझ्याकडे आहे.

असो. रविवारच्या रात्रीच्या बसनं परत आलो, सोमवारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास झोपलो. त्या दशावतारी राजाचा फोटो मामानं मोठा करून फ्रेम केलाय. पैसे घेतले नाहीत.

ता. क. – होस्टेलच्या त्या मित्राला काल फोन केला. सहा वर्षांनी. ओव्यांचा विषय मीच काढला. त्यानं तो लॅपटॉप अजून ठेवलाय म्हणे, माळ्यावर. मी म्हटलं, चालू करू नकोस, तसाच घेऊन ये. फार आशा नाही. पण या वेळी मी आधी प्रत काढणार आहे.